चुकीच्या जागी शिवलेली दोन पानं

पोरांनो,

गेल्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला होता. धाकटीच्या शाळेने चार पानांचा अहवाल पाठवला आहे. तिला वाचायला फार जड जातं, असं त्यात लिहिलं आहे आणि त्या जड जाण्याला एक लांबलचक नावही दिलं आहे. तुमची आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, आपल्या घरात असं कुणालाच नव्हतं गं. हे आलं कुठून?" मी नुसतं "हं" म्हटलं आणि तिकडच्या थंडीची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. हे कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्याकडून आलं.

इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, तीस वर्षं शाळेत शिकवलेली, पत्रातल्या चुका तांबड्या शाईने दाखवते म्हणून तुम्ही जिला हसता ती तुमची आजी तिसरीत नापास झाली होती. वाचता येत नव्हतं म्हणून. हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं मी मनाला समजावत असे, पण खरं म्हणजे धीर झाला नाही. आता धाकटीला वाटत असेल की हे जगात फक्त तिलाच झालं आहे. म्हणून आज लिहायला बसले. तुमच्या आईने हे वाचून दाखवावं आणि धाकटीने शेजारी बसून नुसतं ऐकावं. तिने स्वतः वाचायची घाई नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. स्टेशनच्या आजूबाजूला थोडी घरं, त्यापुढे झाडी आणि मग भातशेती, एवढंच गाव होतं. एका लांब पडवीला लागून पाच बिऱ्हाडं आणि मागे एक विहीर, असं आमचं घर. बाबा मुंबईला विमा कंपनीच्या कचेरीत कारकून होते. घरात आई, बाबांची आई म्हणजे माझी आजी, मी आणि नुकतंच झालेलं बाळ. शेवटच्या बिऱ्हाडात एक काका-काकू होते. काका कल्याणच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. मजकूर छापण्यासाठी शिशाची एकेक अक्षरं, त्यांना खिळे म्हणत, ती उचलून ओळीत लावायची हे त्यांचं काम. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाटकांच्या जाहिराती असलं काय काय ते जुळवत. त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असत, आणि काकू म्हणत, "यांनी पिठाला हात लावला की भाकरीवर बातमी उमटते."

वाचता न येणं म्हणजे काय ते आधी सांगते. अक्षरं नाचतात असं म्हणतात. माझी नाचत नसत, जागच्या जागी उभी असत. पण एकेकटं ओळखीचं असलेलं अक्षर शब्दात जाऊन बसलं की परकं व्हायचं. रोज विहिरीवर भेटणारी बाई लग्नाच्या मांडवात शालू नेसून समोर आली तर क्षणभर कोण ते कळत नाही, तसं. एक अक्षर ओळखून दुसऱ्याकडे वळावं तर पहिलं निसटे. शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातात राहत नसे.

मग मी दोन वर्षं कशी काढली? पाठांतरावर. त्या काळी पाठांतराला फार मान होता. दिवेलागणीला घरोघरी मुलं पाढे आणि श्लोक मोठ्याने म्हणत, त्याला पर्वचा म्हणत, आणि माझा पर्वचा पाचही बिऱ्हाडांत नावाजलेला होता. एकदा ऐकलं की मला येई. शाळेत ओळीने उभं करून धडा वाचायला लावत. माझ्या आधी आठ-दहा मुलींचं वाचून व्हायचं, तोवर धडा माझा पाठ झालेला असे. पुस्तक समोर धरायचं, डोळे खाली ठेवायचे आणि म्हणून मोकळं व्हायचं. पान कधी उलटायचं ते चित्रांवरून आणि डागांवरून लक्षात ठेवत असे. लबाडी करावी असं माझ्या मनात नव्हतं. मला वाटायचं, सगळे असंच वाचतात, फक्त बाकीच्यांना लवकर जमतं.

घरी मात्र ह्या पाठांतराने मला मोठ्या पदाला चढवलं. श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे बिऱ्हाडांतल्या बायका कहाणी ऐकायला जमत. हातात तांदळाचे चार दाणे घेऊन बसायचं, कहाणी संपली की ते देवाला वाहायचे, मग दूध-फुटाणे. कहाण्यांचं एक जुनं पुस्तक आजीकडे होतं. आजीला वाचता येत नसे, पण कहाणी पुस्तकातूनच वाचली पाहिजे असा तिचा दंडक होता. वर्षानुवर्षं आई वाचत असे आणि मी तिच्या मांडीला टेकून ऐकत असे. पुढे बाळाच्या वेळी आईला बसवेना, म्हणून आजीने पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते घडाघडा म्हटलं. तिसरीतली मुलगी एवढं खणखणीत वाचते म्हणून बायकांनी माझी दृष्ट काढायला सांगितली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिसरीची परीक्षा आली. मुख्याध्यापकांनी आमच्या पुस्तकातला नव्हे, भलत्याच पुस्तकातला उतारा पुढे ठेवला. मी पुस्तक धरून उभी राहिले. ते म्हणाले, "हं, वाच." मी उभीच. शेवटी त्यांनी पुस्तक काढून घेतलं. शुद्धलेखनाच्या वहीत तर तांबड्या शाईशिवाय काही दिसत नव्हतं.

बाबांनी प्रगतिपुस्तक दोनदा वाचलं. ते तापट नव्हते. पण त्यांचा हिशेब सरळ होता. "जी मुलगी घरी पोथी खणखणीत वाचते, ती शाळेत तोंड उघडत नाही, याला हट्ट म्हणतात." त्यांच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असे. त्या पट्टीचे दोन फटके माझ्या तळहातावर बसले. फटक्यांपेक्षा पुढचं वाक्य जास्त लागलं. "पुन्हा तिसरीत बसू दे. या खेपेला जमलं नाही तर शाळा बंद. घरी बाळ आहे, आईला हात होईल."

म्हणजे मी कशी अडकले ते बघा. येत नाही म्हणावं तर गेल्या श्रावणात देवासमोर खोटं वाचलं असं होणार. येतं म्हणावं तर मी हट्टी. आणि शाळा तर मला मनापासून आवडत होती. मला सगळं कळत होतं, गणितं जमत होती, फक्त ते पान माझ्याशी बोलत नव्हतं.

आषाढात आजीने कहाण्यांचं पुस्तक काकांकडे दिलं. शिवण उसवली होती, पानं सुटी झाली होती. काकांनी ती नीट शिवून वर जाड पुठ्ठा घालून आणून दिली. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी बायका जमल्या, मी पाटावर बसले आणि सुरुवात केली. मधेच काका घाईघाईने पडवीत आले. एरवी त्यांची यायची वेळ दिवेलागणीची. ते आजीला काही सांगायला तोंड उघडत होते, पण कहाणी चालू असताना बोलायचं नसतं म्हणून आजीने हाताच्या खुणेनेच त्यांना बसवलं. ते दाराशी बसले आणि टक लावून माझ्याकडे बघत राहिले. मी पान उलटलं, म्हणत राहिले, कहाणी संपली, दाणे वाहिले. काका म्हणाले, "पुस्तक जरा बघू, शिवण कशी बसलीय." त्यांनी दोन-तीन पानं चाळली, पुस्तक मिटलं आणि फुटाणे न खाता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. काका तोंड धूत होते.

"काय गं, काल वाचलंस ते कुठल्या पुस्तकातलं?"

"आजीच्या. तुम्ही शिवलंत ते."

"त्यात तर राणी रानात निघाली आणि पुढच्या पानावर एकदम ब्राह्मणाची सून पाणी भरायला लागली."

मला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं. दोन पानांचे कोपरे फाटले होते, आकडे गेले होते. त्यांनी अंदाजाने लावून शिवून टाकली. "आम्ही अक्षरं बघतो पोरी, गोष्ट कोण वाचतंय! काल दुपारी खिळे जुळवता जुळवता डोक्यात आलं, अरे, ती राणी सून कशी झाली? तसाच सुटलो. म्हटलं, पोर अडखळणार, बायका हसणार आणि आजी चारचौघींत माझी हजेरी घेणार. आणि तू? राणीला घेऊन सरळ निघून गेलीस! पुढे रूळच नाहीत आणि गाडी आपली वेळेवर!"

ते हसत होते. मी कळशी खाली ठेवली आणि रडायला लागले. ते हसायचे थांबले.

"काका, बाबांना सांगू नका. शाळा बंद करतील."

"मी कशाला सांगतोय? माझी चूक तू बोलू नकोस, तुझी मी बोलत नाही." मग म्हणाले, "पण तुझी चूक नाहीच ती. पानं मी चुकीची लावली."

त्यांनी ओल्या बोटाने विहिरीच्या कठड्यावर एक अक्षर काढलं. मी ओळखलं. दुसरं काढलं, तेही ओळखलं. मग तीच दोन जवळ काढून म्हणाले, "आता?" मी बघत राहिले. ऊन लागून अक्षरं वाळली तरी मला शब्द सांगता आला नाही.

"अक्षर येतंय. जोड निसटतोय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी कुणालाच वाचता येत नाही, माहीत आहे? खिळ्यावर अक्षर उलटं असतं. शिकलेसवरलेले येतात आणि गायीसारखे बघत बसतात. त्यांना कुणी मठ्ठ म्हणत नाही. म्हणतात, डोळा बसायला वेळ लागेल. तुझाही डोळा बसवू."

एवढं बोलून त्यांनी माझी कळशी भरून दिली. मला मठ्ठ किंवा हट्टी न म्हणणारं ते पहिलं माणूस. पुढे मी वर्गात साठ-साठ मुलींपुढे उभी राहिले तेव्हा 'डोळा बसायला वेळ लागेल' हे त्यांचं वाक्य माझ्या फार कामी आलं.

पण काका काही जादूगार नव्हते. पहिला प्रयोग साफ फसला. त्यांनी झिजलेले, वितळवायला जाणारे मूठभर खिळे मालकांना विचारून आणले. शिसं असतं म्हणून दर वेळी साबणाने हात धुवायला लावत. ते खिळे हाताने चाचपून मी ओळीत लावायचे अशी त्यांची कल्पना. आठवडाभर मी लावत होते आणि जे थोडंफार येत होतं तेही जायला लागलं. एका संध्याकाळी मला साधा 'क' ओळखता येईना. काकूंनी पडवीतूनच सुनावलं, "अहो, अक्षरं तुमची उलटी. आधीच पोरीला सुलटी दिसेनात, त्यात तुम्ही उलटी घेऊन बसलात!" काकांनी कपाळावर हात मारला. कपाळावर काळा डाग उमटला.

मग त्यांनी छापखान्यातले वाया गेलेले कागद आणले. नाटकांच्या जाहिरातींतली मोठमोठी अक्षरं होती ती. आम्ही ती कापली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर खळीने चिकटवली. अक्षरं वेगळी, काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांट्या वेगळ्या. छापखान्यात खिळ्यांसाठी खणाखणांचा मोठा ट्रे असतो, तसा लहानसा एक काकांनी खोक्याच्या फळ्यांचा करून दिला. प्रत्येक अक्षराला एक घर, आणि काम संपलं की ज्याला त्याला त्याच्या घरी पोचवायचं. ओळ लावायला कडा असलेली एक लाकडी पट्टी होती. कंपोझिटर डाव्या हातात धरतात तसली.

पद्धत त्यांच्या कामाची होती. ते शब्द उचलत नाहीत, अक्षर उचलतात. एक अक्षर उचलायचं, त्याचं नाव घ्यायचं, पट्टीत ठेवायचं. दुसरं उचलायचं, ठेवायचं आणि लगेच पहिल्यापासून म्हणायचं. तिसरं ठेवलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डोळ्यांतून जे निसटत होतं ते पट्टीत जागेवर थांबत होतं. मी परत फिरून आले तरी ते तिथंच असे. माझी सगळी अडचण एवढीच होती, आणि तिच्यावरचा उपायही एवढाच साधा निघाला. साधा म्हणजे सोपा नव्हे. 'पाऊस' म्हणायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

घरच्यांना वाटत होतं, पोर छापखाना-छापखाना खेळते आहे. मधले शुक्रवार मी तसेच पाठ म्हणून काढले, मात्र श्रावणातला शेवटचा शुक्रवार आला तसं मला ते पुस्तक हातात घ्यावंसं वाटेना. तोवर मला कळून चुकलं होतं की वाचणं ही निराळी गोष्ट आहे आणि मी देवासमोर करते ते वाचणं नव्हे. बायका जमल्या, दाणे हातात घेतले, मी पुस्तक उघडलं आणि तोंडातून शब्द फुटेना.

"घसा बसलाय का गं?" आजीने विचारलं.

"नाही. आजी, मला वाचता येत नाही."

"म्हणजे? डोळ्यांत काही गेलं?"

"वाचताच येत नाही. गेल्या वर्षीही येत नव्हतं. मी पाठ म्हणते."

एक बाई म्हणाली, "अगो बाई! मग आम्ही दृष्ट कुणाची काढली?" दुसरी हसली. आईचा चेहरा पडला. आजी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता देवाचं नाव घेऊन काही तरी कडक बोलेल.

"मग पाठ आहे ते सांग," ती म्हणाली. "मला तरी कुठं वाचता येतं? आम्ही ऐकायला बसलोय, परीक्षा घ्यायला नाही. सांग लवकर, दाणे घामाने भिजले."

मी पुस्तक मिटून कहाणी सांगितली. त्या दिवशी मी पहिल्यांदा वर बघून, बायकांच्या तोंडाकडे बघून बोलले.

संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि आजीने त्यांना पडवीतच गाठलं.

"पोरीला वाचता येत नाही. ती मुद्दाम करत नाहीये."

"आई, अगं पोथी..."

"पाठ होती. तू बारा वर्षांचा घोडा झालास तरी तुला पोहता येत नव्हतं. तुझे चुलते पाण्यात तुझ्या पोटाखाली हात धरून शिकवत होते, आठवतं? काठावर उभं राहून छडी मारली असती तर तरला असतास का?"

काका शेवटच्या दारातून हे ऐकत उभे होते. आजीने त्यांनाही सोडलं नाही. "आणि अहो छापखानेवाले, पानं कुणी उलटसुलट लावली?"

"माझ्या हातून झालं, आजी. पण त्यामुळेच तर कळलं..."

"कळलं ते बरं झालं. म्हणून चूक तशीच ठेवतात का? उद्या शिवून आणा."

त्यांनी खरोखरच दुसऱ्या दिवशी शिवून आणलं. आजी स्वतः शेवटपर्यंत वाचायला शिकली नाही. मी पुढे शिकवू का म्हटलं तर म्हणायची, "माझं काय अडलंय?"

बाबांनी माझी क्षमा मागितली नाही. त्या काळी बाप मुलीची क्षमा मागत नसे. रविवारी ते टेबलाशी बसले, कचेरीतून आणलेल्या जाड कागदावर तीच फटक्यांची लाकडी पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि एक लांबट खिडकी कापली. ती खिडकी पुस्तकाच्या ओळीवर ठेवली की एकच शब्द दिसे, बाकीची गर्दी झाकली जाई. "सरकवत जा," एवढंच म्हणाले. पुठ्ठ्याच्या अक्षरांवरून पुस्तकावर मी ह्या खिडकीतून गेले. दर रविवारी ते शेजारी बसत. मी एका शब्दावर कितीही थांबले तरी पुढचा शब्द सांगत नसत. त्यांना ते किती जड जात असेल ते मला स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

थंडी संपता संपता मी धड्यातल्या चार ओळी आधी न ऐकता वाचू लागले. परीक्षेच्या आधी बाबा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन शाळेत गेले, मला बरोबर घेऊन. आमच्या वर्गाच्या बाई काटकुळ्या होत्या, आवाजाला करड्या. त्या वर्षी वाचनाची परीक्षा त्याच घेणार होत्या. बाबांनी त्यांना ती खिडकी दाखवली आणि ती वापरू द्यावी, थोडा वेळ द्यावा, असं म्हटलं. बाई म्हणाल्या, "अहो, साठ मुली आहेत. एकीला सवलत दिली तर बाकीच्यांनी काय करायचं?" बाबा म्हणाले, "बाई, हट्टी समजून मी हिला मारलं. सवलत म्हणून नाही मागत." बाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "खिडकी ठेवू दे. उतारा तोच, गुण तेच," त्या म्हणाल्या. आणि माझं नाव यादीत सगळ्यांच्या शेवटी टाकलं.

शेवटी म्हणजे वर्ग रिकामा झाल्यावर. मागे कुणी खोळंबलेलं नाही, खिदळायला कुणी नाही. उतारा उंटावरचा होता. उंट मी जन्मात पाहिला नव्हता आणि 'वाळवंट' हा शब्द मला माहीत नव्हता, म्हणजे अंदाजाने म्हणायची सोयच नव्हती. मी खिडकी ठेवली. एक अक्षर, दोन अक्षरं, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच ओळीला एवढा वेळ लागला की बाई खुर्ची वळवून मैदानाकडे बघत बसल्या. तेव्हा मला वाटलं, त्या कंटाळल्या. आज वाटतं, त्यांनी ते जाणून केलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर मी रडले असते. मी आठातल्या सहा ओळी वाचल्या. बाई मैदानाकडे बघतच म्हणाल्या, "उंटाला पाणी कुठं मिळतं?" मी म्हटलं, "मिळत नाही, तो साठवून ठेवतो." ते पाचव्या ओळीत होतं. मी वाचलं होतं आणि मला ते कळलं होतं. आपल्याला वाचता येतं हे मला तिथंच समजलं, निकालाच्या कितीतरी आधी.

मी पास झाले. खालून चौथी. आईने बाळाला खाली ठेवून मला जवळ घेतलं आणि आजीने हातावर साखर ठेवली. शाळा बंद व्हायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही.

धाकटे, पुढचं थोडक्यात सांगते. मी भरभर वाचणारी कधीच झाले नाही. हायस्कुलात इंग्रजी आलं तेव्हा पुन्हा पुठ्ठे कापले, पुन्हा खण केले. कॉलेजात मैत्रिणी एका दिवसात संपवत त्या पुस्तकाला मला आठवडा लागे, पण मला ते पुस्तक त्यांच्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राही. शिक्षिका झाल्यावर दर वर्षी वर्गात मी पहिल्यांदा अशी मुलगी शोधत असे, जी पुस्तक समोर धरून कान शेजारणीकडे लावते, जी तोंडी सगळं सांगते आणि वही मात्र झाकून ठेवते. जवळजवळ दर वर्षी एखादी सापडे. तिला वर्ग सुटल्यावर थांबवून घ्यायची आणि आधी सांगायचं की ही तुझी चूक नाही. मग पुठ्ठे काढायचे. तिच्या आईबापांना समजावायला मला मुलीपेक्षा जास्त वेळ लागे.

कल्याणचा तो छापखाना मी हायस्कुलात असतानाच बंद पडला. काका-काकू खडवलीला भावाच्या शेतावर राहायला गेले. मी त्यांचे आभार मानले नव्हते. लहान मुलांना ते सुचत नाही. आठवीत असताना मी त्यांना एक पोस्टकार्ड लिहिलं, कुणाला न दाखवता, कुणाची मदत न घेता. मी वाचते आहे, वर्गात अकरावा नंबर आला, आजी बरी आहे, तुमची आठवण येते, असं काही तरी. पंधरा दिवसांनी तेच कार्ड एका पाकिटातून परत आलं. माझ्या सात चुकांभोवती बारीक, नेटकी वर्तुळं होती आणि समासात त्या खुणा, छापखान्यात कच्च्या छपाईवर करतात तशा. खाली काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, "सात ठिकाणी दुरुस्ती. बाकी मजकूर उत्तम. छापायला हरकत नाही." मी आधी खट्टू झाले, मग हसत सुटले, मग ती सातही दुरुस्त करून त्यांना दुसरं कार्ड पाठवलं. त्याचं उत्तर काकूंनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. काका आजारी होते. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत.

पाच बिऱ्हाडांच्या जागी आता सात मजले आहेत. विहीर बुजवली. लाकडी ट्रे वाळवीने खाल्ला, पुठ्ठ्याची अक्षरं भिजून गेली, बाबांनी कापलेली खिडकी कुठल्या पुस्तकात राहिली ते मला आठवत नाही. सात वर्तुळांचं ते पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येतं.